आधी सापाचं नाव, मग हळद

शालन, तुझ्या माघारी भेटायला येणारा प्रत्येक माणूस ओट्यावर नीट टेकायच्या आत मला एकच विचारतो, "साप कुठला होता?"

कोलाडहून आलेल्यांनी विचारलं, वडखळच्या तुझ्या आत्येबहिणीने विचारलं, कंपनीतल्या माझ्या शिफ्टच्या पोरांनी तर आधी आपसात पैज लावली होती म्हणे, नाग की घोणस. मी सांगतो, साप नव्हता, कावीळ होती. मग ते थोडे हिरमुसतात. काविळीसारख्या फालतू दुखण्याने तू जावंस हे कुणाला पटतच नाही. मला मात्र हे सांगताना दरवेळी मान ताठ होते. रडू येत असतं तरी होते. एवढी वर्षं तू या डोंगराच्या पायथ्याला राहिलीस, वाडीतल्या प्रत्येक घरातून साप बाहेर काढलास, आणि एकाचाही दात तुला लागला नाही. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुरे झालं तुमचं कीर्तन, चहाचं बघा."

आपण इथे राहायला आलो ते मामाच्या मागे. मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून रोह्याकडच्या डोंगराखालचं हे घर, मागचं वालाचं शेत आणि भोवतीचा दगडी गडगा माझ्या नावावर लागला. माझा बेत साधा होता. दोनेक वर्षं राहायचं, चांगलं गिऱ्हाईक बघून जागा काढून टाकायची आणि रोह्यात कंपनीच्या क्वार्टरमध्ये जायचं. तूही मान डोलावली होतीस. पेणेत मूर्तींच्या कारखान्यात वाढलेली मुलगी, तुला कशाला हवं होतं रान?

मग ती धामण आली. भर दुपारी, चुलीमागच्या लाकडांतून. मी जेवता जेवता ताटासकट खाटेवर चढलो, ते तू पुढे आयुष्यभर लोकांना सांगितलंस, आणि दरवेळी ताटात नवा पदार्थ वाढवलास. तू मात्र जागची हलली नाहीस. तू खाली वाकून तिच्याकडे बघत होतीस. "अहो, ह्याला फणा कुठाय?" म्हणालीस. तुझ्या लेखी साप म्हणजे गणपतीच्या पोटावरचा, सोनेरी रंगाचा, फणा काढलेला. तसे शेकडो तू रंगवले होतेस, पण जिवंत पहिलाच बघत होतीस.

माझ्या ओरडण्याने वाडी गोळा झाली. शेजारच्या जानकीच्या नवऱ्याने एका काठीत काम उरकलं आणि जानकीची सासू, बायजाकाकी, समाधानाने म्हणाली, "बरं झालं गो. धामण लय वंगाळ. म्हशीच्या पायाला येढा घालते आन् दूध पिते."

"कुणी बघितलंय?" तू विचारलंस.

"माज्या सासूनं."

"त्यांनी स्वतः बघितलं?"

"त्यांच्या सासूनं बघितलं असंल," काकी म्हणाली. "कुनीतरी बघितलंच असंल ना गो, त्याबिगर लोक बोलतील कशाला?"

सगळे गेले तरी तू त्या मेलेल्या धामणीपाशी बसून होतीस. मला हाक मारून म्हणालीस, "डोळा बघा हिचा. केवढा मोठा आणि गोल आहे. असा डोळा मला कधी साधला नाही." तुझ्या वडिलांच्या, बापूंच्या कारखान्यात तू मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचीस. अख्ख्या पेणेत इतक्या लहान वयात आखणीला बसलेली मुलगी दुसरी नव्हती, हे मला तुझ्याशी लग्न ठरवताना मध्यस्थाने सांगितलं होतं, आणि मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात उंदरांनी वालाचं बियाणं फस्त केलं. कणगीच्या तळाला भोकं पाडली, पोती कुरतडली, माझे कंपनीचे बूटसुद्धा सोडले नाहीत. तू रिकामी कणगी अंगणात आडवी करून तिच्याकडे आणि चुलीमागच्या त्या जागेकडे आळीपाळीने बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी वाडीभर निरोप गेला, की साप मारलात तर फेकू नका, आधी शालनला दाखवा. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही थोडं तसंच वाटलं.

मग पेणेला गेलीस आणि एसटीने परत आलीस ती शाडूच्या मातीचं पोतं घेऊन. कंडक्टरशी त्या पोत्यावरून तुझं जे भांडण झालं ते कोलाडच्या स्टँडवर मी लांबून ऐकलं आणि ओळख न दाखवता उभा राहिलो. घरी येऊन तारेवर माती चढवून तू साप केलेस. नाग, घोणस, फुरसं, मण्यार आणि शेवटी धामण. रोह्याच्या शाळेतल्या भिंतीवरचा चित्रांचा तक्ता तू उतरवून आणला होतास, पण त्यावर तुझा भरवसा नव्हता. मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीजोडीने असतात हे तू वाडीत मारलेल्या मण्यारीवर बघितलं होतंस आणि तक्त्यावर ते चुकलेलं होतं. ओट्यावर ते पाच साप वाळत पडले तेव्हा पोस्टमनने आपलं टपाल गडग्यावर ठेवून पळ काढला.

सगळं रंगवलंस, पण डोळे काढले नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "डोळे काढले की देव होतो. बापू सांगायचे, आखणी झाली की मूर्तीपुढे चप्पल घालून जायचं नाही. हे देव नाहीत. हे ओळखायला आहेत." एवढा विचार करून तू ते आंधळे ठेवलेस, आणि व्हायचं ते झालंच.

नागपंचमीला सकाळी अंगणात बायांचा आवाज आला. बाहेर बघतो तर अख्खी वाडी नटूनथटून ओट्यापुढे उभी. कुणाच्या हातात लाह्या, कुणाच्या दुधाची वाटी. पाचही सापांवर हळदकुंकू पडलं होतं. घोणशीला तर फुलांची वेणीसुद्धा वाहिली होती. तू पिठाच्या हातांनी धावत बाहेर आलीस आणि कपाळाला हात लावलास. कपाळावर पीठ.

"अगो, हे देव नाहीत," तू म्हणालीस. "ही घोणस आहे. हिच्यापासून लांब राहायचं म्हणून केलीय."

बायजाकाकी म्हणाली, "व्हय, म्हणूनच पुजायची. जिची भीती तिचीच पूजा. आन् आमाला वाटलं, वैनीनं नाग एकटाच नाय आणला, त्याची सगळी भावकी आणली."

"पण डोळेसुद्धा नाहीत त्यांना."

"ते तू इसरलीस काढायला," काकी म्हणाली. "आमी काय नावं नाय ठेवली."

माझं हसू आवरेना, म्हणून मी आत पळालो. तू रागावली होतीस, खरोखर रागावली होतीस. एवढी मेहनत करावी आणि तिचा देव व्हावा. पण तुझा राग कधी वाया जायचा नाही, तो कुठेतरी कामाला लागायचा. मी आतून ऐकलं, तू म्हणत होतीस, "बरं. हळद वाहायची तर वाहा. पण माझ्या ओट्यावर एक रीत आहे. आधी नाव सांगायचं. कुठला आहे, विषारी आहे की नाही, कशावरून ओळखलं. नाव चुकलं तर हळद परत."

पहिल्या वर्षी निम्म्या बायांची हळद परत गेली. त्या चिडल्या, कुरकुरल्या, आणि घरी जाऊन पोराबाळांना विचारून पुन्हा आल्या. पुढच्या वर्षी कुणाची परत गेली नाही. त्यानंतर नवी सून वाडीत आली की पहिल्या पंचमीआधी तिची सासू तिला तुझ्याकडे आणून बसवायची. देवाच्या पुढ्यात नापास होणं कुणाला परवडतं? शहाण्यासुरत्या माणसांनी व्याख्यानं देऊन जे झालं नसतं ते तू बायजाकाकीच्या चुकीतून करून घेतलंस. शालन, मला तुझा जो अभिमान वाटतो त्यातला निम्मा या एका सकाळचा आहे.

माकडांच्या बाबतीत मात्र तुझी अक्कल चालली नाही, हेही सांगितलं पाहिजे. सापाला तू माफी द्यायचीस, माकडाला नाही. त्यांनी कौलं उलथली, वालाच्या शेंगा ओरबाडल्या, तुझी वाळत घातलेली साडी पळवली. म्हणून तू कागदाच्या लगद्याचा वाघ केलास, आणि त्याला डोळे काढलेस, मन लावून. असले डोळे, की अंगणात जाताना मलाच आपण काही चूक केल्यासारखं वाटायचं. शेतात बांबूवर तो वाघ लावला. आठवडाभर माकडं फिरकली नाहीत. नंतर एक म्हातारी वानरीण त्याच्या डोक्यावर बसून पिल्लाच्या उवा काढताना दिसली. तू बेचकी घेऊन धावलीस आणि मी म्हटलं, "असू दे, तीसुद्धा दर्शनाला आली असेल." त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही. माकडांना माफी का नाही, हा आपला वाद तसाच राहिला. तुझं म्हणणं, साप पोटापुरतं खातो, माकड नासाडी करतं. माझं म्हणणं, मग माणसाचं काय करायचं? त्यावर तू म्हणायचीस की विषय बदलू नका.

पण खरा वाद तो नव्हता. खरा वाद जागेचा. दर शिमग्याला मी विक्रीचं काढायचो आणि तू म्हणायचीस, "पुढच्या वर्षी बोलू."

जानकीला फुरसं चावलं त्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटलो. ती बांधावर गवत कापत होती. पाय धरून खाली बसली आणि ओरडली ती "साप" म्हणून नाही, "फुरसं, फुरसं" म्हणून. कुणीतरी मांत्रिकाचं नाव काढलं, तर तिनेच सांगितलं, नाय, रोह्याच्या दवाखान्यात न्या. दुधाच्या टेम्पोतून तू तिला घेऊन गेलीस आणि वाटभर तिचा पाय हलू दिला नाहीस. जानकी तिथे असतानाच इकडे वाडीतले बाप्ये आपल्या अंगणात जमले. त्यांचं म्हणणं, वैनी साप मारू देत नाही, हे सगळं तिच्या लाडामुळे. ह्या घरानं साप पाळलेत. गडगा पाडा, निवडुंग जाळा, मागचं रान साफ करा. रॉकेलचा डबासुद्धा आणला होता. मी त्यांना थांबवलं ते एवढंच म्हणून की शालनला येऊ द्या. खरं म्हणजे मला त्यांचं पटलं होतं. मला वाटलं, झालं, आता ही ऐकेल आणि आपण क्वार्टरमध्ये जाऊ.

जानकीला घरी सोडलं त्या दिवशी ते पुन्हा आले. तू ओट्यावर उभी राहिलीस. तू काही बोलायच्या आत जानकीच लंगडत आली, पोटरीपर्यंत सुजलेला पाय घेऊन, आणि आधी स्वतःच्या नवऱ्याच्या हातातला डबा काढून घेतला.

"माजा पाय सुजलाय, डोस्कं नाय," ती म्हणाली. "फुरसं आपल्या बांधावर व्हतं, वैनीच्या गडग्यात नाय. आन् मी नाव वळखलं म्हणून हितं उभी हाय. जाळायचं तर आपला बांध जाळा."

बाप्ये एकेक करून गेले. तू आत येऊन पाणी प्यालीस. मग मी म्हटलं, "आतातरी निघूया शालन. उद्या तुला काही झालं तर?"

तेव्हा तू पहिल्यांदा आणि शेवटचं, खरं कारण सांगितलंस. तू म्हणालीस, "पेणेत मूर्ती बापूंची, कारखाना बापूंचा, डोळे माझे. लोक मुंबईहून यायचे, डोळ्यांना हात जोडायचे आणि बापूंना शाबासकी देऊन जायचे. मी मागच्या खोलीत ब्रश धूत असायची. बापूंचा दोष नाही, तशीच रीत होती. पण इथे साप निघाला की लोक माझं नाव घेऊन ओरडतात. तुमचं नाही, बापूंचं नाही. हे सोडून मी क्वार्टरमध्ये जाऊन काय करू?"

तरी पुढच्या शिमग्याला मी विक्रीचं काढलंच, आणि तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बोलू. वाद म्हणजे आपल्यात सवयीचा भाग झाला होता. तू मला भित्रा म्हणायचीस, मी तुला गारुडीण.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये मी दुसरं काही बोलायचोच नाही. प्लँटच्या गोदामात साप निघाला तेव्हा साहेबांनी घाबरून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मी दारातून बघून म्हटलं, "धामण आहे, मागचं दार उघडा, आपोआप जाईल." ती गेली. साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, "माझी बायको शालन. तिने शिकवलं." सगळ्यांदेखत नाव घेऊन सांगितलं. घरी येऊन तुला सांगायला पाहिजे होतं, पण मग पुढच्या शिमग्याला मी भांडायला कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो? म्हणून गिळलं. आता सांगतो. तुझा नवरा कँटीनमध्ये तुझ्या नावावर मिरवायचा.

काविळीत तू पिवळी पडत गेलीस तेव्हाही बायका दारात यायच्या आणि आतल्या तुला विचारायच्या, "वैनी, पाण्याच्या टाकीवर हाय, अंगावर चौकटी हायत, काय करू?" तू पडल्या पडल्या सांगायचीस, "पाणदिवड आहे, काही करू नको." डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. मी बायकांना परत पाठवायला उठलो तर तू माझा सदरा धरलास. त्या ओढीत तुझ्या हातात किती बळ होतं ते मला अजून जाणवतं.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो, त्याचसाठी खरं तर हे लिहायला बसलो.

मुंबईचे एक गृहस्थ आले होते. फार्महाऊससाठी जागा बघतायत, कुणीतरी माझं नाव दिलं होतं. कुणी म्हणजे मीच, तू आजारी पडायच्या आधी, नेहमीप्रमाणे. त्यांना डोंगर आवडला, गडगा आवडला, विहिरीचं पाणी आवडलं. मी एकटा माणूस, दोन खोल्यांत काम भागेल, असं मीही मनाशी धरलं होतं. वाद घालायला समोर कुणी नव्हतं. इतकं सोपं पूर्वी कधीच नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात जानकीच्या अंगणातून हाक आली. "शालनवैनी, ओ शालनवैनी." हाक मारत मारतच ती गडग्यापाशी आली आणि मला बघून एकदम थांबली. तोंडावर पदर धरला. "चुकलं दादा," म्हणाली. "तोंडातनं गेलं."

मी विचारलं, "कुठला आहे?"

"धामण. कणगीमागं."

मी गेलो. मुंबईचे गृहस्थ अंतर ठेवून मागे आले. मी काही पकडलं वगैरे नाही, तुझ्यासारखा आडवा माठ ठेवून सापाला आत जायला लावणं मला जन्मात जमणार नाही. परसाकडचं दार उघडलं, सगळ्यांना बाजूला केलं आणि उंबऱ्यापासून लांब बसून राहिलो. खाट शेजारीच होती, पण चढलो नाही. धामण निघाली, दारातून सरळ गेली आणि आपल्या गडग्यात शिरली. बायजाकाकी आता फार थकलीय, तिला दिसतही नाही धड. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "गेली का गो? गेली तर बरं. उंदीर लय झालेत."

म्हशीच्या दुधाचा विषय तिने काढला नाही, शालन. मी वाट बघत होतो.

गृहस्थ घामाघूम झाले होते. तरी चिकाटीचे होते. रुमालाने मान पुसत मला म्हणाले, "ते साफसफाईचं नंतर बघता येईल. मी जागा घ्यायला तयार आहे. मालक आपणच ना?"

मी तोंड उघडायच्या आत जानकी म्हणाली, "जागा शालनवैनीची हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, मामाच्या मागे लागलेलं, तुला ठाऊक आहे.

"बरोबर सांगते ती," मी म्हटलं. "जागा माझ्या बायकोची आहे. ती विकत नाही."